सुंभ, पीळ आणि रक्त



सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. पण ती ज्याने प्रथम उच्चारली, त्याने दोर जळताना नीट पाहिला असला पाहिजे. काथ्याचा दोर वाऱ्यापासून जपून जाळला, तर राख दोराच्याच आकारात पडून राहते आणि तिच्यावर पिळाच्या तिरप्या रेघा दिसतात. वस्तू गेली, तरी तिची घडण उरते. आज मी या घडणीविषयीच बोलणार आहे. डोळ्यांना कधीही न दिसणारे रेणू एकमेकांना बिलगून आपले आपण पिळाचे दोर कसे वळतात, त्या पिळाला डावी किंवा उजवी बाजू कोठून लाभते, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या कष्टकऱ्यांच्या जगण्यामरण्याशी या गोष्टीचा काय संबंध आहे, हे मला सांगावयाचे आहे.

रसायनशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. माझे कॉलेज म्हणजे जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय आणि धुळ्याचे गरुड वाचनालय. उरलेले आयुष्य जिनिंगचे कामगार, हमाल आणि ऊसतोडीला जाणारी माणसे यांच्या संघटनेत गेले. तेव्हा हा विषय याने का निवडला, असे कोणाच्या मनात आले तर नवल नाही. पण पीळ ही वस्तू कामगाराला परकी नाही. जळगावच्या खानदेश मिलचा आणि धुळ्याच्या न्यू प्रताप मिलचा भोंगा आता वाजत नाही. तरी या दोन गावांत असे पुष्कळ संसार आहेत की जे एकेकाळी पिळावरच उभे राहिले. म्हणून आरंभ सुतापासून करतो.

सुताचा पीळ

कापसाचा एक तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांब असतो. अशा आखूड तंतूंतून मैलोगणती लांब सूत कसे निघते? त्यांना डिंक लावलेला नसतो, गाठ मारलेली नसते. त्यांना फक्त पीळ दिलेला असतो. पीळ बसला की तंतू एकमेकांवर दाबले जातात, आणि सूत ओढावे तितके अधिकच घट्ट आवळले जातात. एकेक तंतू बोटाने सहज तुटतो. पिळलेले सूत मात्र ओझे पेलते.

आता सुताचा एक तुकडा डोळ्यांसमोर उभा धरा. त्यावरच्या रेघा इंग्रजी झेड अक्षराच्या मधल्या रेघेप्रमाणे तिरप्या असतील, तर तो झेड पीळ, म्हणजे उजवा. एस अक्षराच्या मधल्या भागाप्रमाणे असतील, तर एस पीळ, म्हणजे डावा. गिरणीतले एकेरी सूत बहुधा झेड पिळाचे असते. दोन सुते एकत्र वळून दुहेरी दोरा करावयाचा असेल, तर दुसरा पीळ उलटा, म्हणजे एस देतात. कारण एकेरी पिळलेले सूत सैल सोडले की स्वतःभोवती गुरफटू पाहते. उलट पिळाने ती ओढ फिटते आणि दोरा शांत राहतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे उपयोगी पडणार आहे.

आणखी एक गंमत करून पाहा. तोच तुकडा उलटा धरा, वरचे टोक खाली करा. पीळ बदलतो काय? बदलत नाही. झेड होता तो झेडच राहतो. कसाही फिरवा, डावा पीळ उजवा होणार नाही. तो उजवा दिसावयाचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे आरशात पाहणे.

डावा हात आणि उजवा हात

जी वस्तू आपल्या आरशातील प्रतिमेशी कशीही फिरविली तरी जुळत नाही, तिला शास्त्रज्ञ हाताची उपमा देतात. आपले दोन हात अगदी सारखे आहेत. तीच बोटे, तोच क्रम. तरीही डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही, आणि डावा जोडा उजव्या पायात घातला तर चार पावलांत पाय दुखतो. या गुणाला ‘कायरॅलिटी’ असे नाव आहे. हात या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लॉर्ड केल्व्हिन यांनी ते 19 व्या शतकाच्या अखेरीस घडविले. मराठीत आपण त्यास हस्तता म्हणू, किंवा सरळ डावे-उजवेपण म्हणू.

रेणूंनाही असे हात असतात, याचा पुरावा 1848 साली लुई पाश्चर यांनी दिला. तेव्हा त्यांचे वय पंचविशीचे होते. टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहताना त्यांना दोन प्रकारचे स्फटिक दिसले, एक दुसऱ्याची आरशातील प्रतिमा असावी तसे. त्यांनी चिमट्याने ते एकेक करून निवडले, दोन ढीग केले, आणि दोन्हींचे पाण्यात द्रावण केले. एका द्रावणातून जाताना प्रकाशाच्या कंपनाची पातळी एका बाजूस वळली, दुसऱ्यातून तितकीच विरुद्ध बाजूस वळली. स्फटिक विरघळून गेले होते, तरी डावे-उजवेपण उरले होते. अर्थात ते रेणूतच असले पाहिजे. येथेही सुंभ गेला पण पीळ राहिला. आपल्या चिंचेच्या आंबटपणात हेच टार्टारिक आम्ल असते, आणि झाड ते एकाच हाताचे बनविते.

पीळ देतो कोण?

गिरणीत पीळ देण्यास चाती असते, ती फिरविण्यास मोटार असते, आणि तार तुटली तर सांधण्यास कामगार असतो. रेणूंच्या जगात यांपैकी काहीही नाही. मग तेथे पीळ देतो कोण?

उत्तरासाठी विहीर बांधणाऱ्या गवंड्याकडे चला. विहिरीचे कडे गोल येण्यासाठी तो प्रत्येक दगडास किंचित पाचरीचा आकार देतो. एका दगडाचा हा कल नजरेत भरत नाही. पण तसेच दगड एकापुढे एक लावले की रांग वळत वळत जाऊन वर्तुळ पुरे होते. आता कल्पना करा, की प्रत्येक दगड आधीच्या दगडापेक्षा एक बोट वर बसतो. मग वर्तुळ जुळणार नाही. गोल जिना तयार होईल. एकच वळण आणि एकच चढ पुनःपुन्हा घेतला की जिना होतो; त्यासाठी निराळा नकाशा लागत नाही. जिना डाव्या अंगाचा की उजव्या, हे पहिल्या दोन दगडांच्या जोडणीतच ठरलेले असते.

रेणूंचे तसेच आहे. एकाच घडणीचे रेणू एकमेकांस एकाच ठरावीक रीतीने धरीत गेले, तर सर्वसाधारणपणे मळसूत्राचाच आकार निघतो. सरळ रांग किंवा बंद कडे हे अपवाद होत.

पण त्यांना एकमेकांस धरावयास लावते कोण? विद्युतभाराचे हलके आकर्षण असते. हायड्रोजन बंध नावाचे हलके दुवे असतात. आणि तिसरी गोष्ट आपण रोज वरणावर पाहतो. फोडणीच्या तेलाचे थेंब पाण्यात मिसळत नाहीत, ते एकमेकांना भेटून मोठे थेंब होतात. रेणूच्या अंगावर असा तेलकट भाग असला, की पाण्यात तो दुसऱ्या रेणूच्या तेलकट भागाचा आसरा शोधतो. हे सारे बंध एकटे घेतले तर अगदी दुबळे. पाण्यात रेणू उष्णतेने सतत धडपडत असतात, आदळत असतात. चुकीच्या जागी बसलेला रेणू या धडपडीत लवकर सुटतो. नेमक्या जागी बसलेल्यास अनेक हलके बंध एकदम धरून ठेवतात, म्हणून तो टिकतो. असे लक्षावधी वेळा होऊन शेवटी योग्य रचना उरते. हीच स्वयंरचना. बंध जर पहिल्यापासूनच पक्के असते, तर चूक झालेली कधीच सुटली नसती, आणि दोराऐवजी गुंता झाला असता.

संघटनेच्या माणसाला हे ऐकून बरे वाटते, यात शंका नाही. पण रेणूंना इच्छा नसते, ध्येय नसते, आणि ते जमतात ते चांगल्यासाठीच जमतात असेही नाही. हे आपण पुढे पाहणारच आहोत.

केळी आणि कापूस

खानदेशची दोन पिके साऱ्या देशाला ठाऊक आहेत, केळी आणि कापूस. कच्च्या केळ्याचा गर वाळविला तर त्यातील बहुतेक भाग स्टार्च असतो. कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. एक पोटात जाते, एक अंगावर येते. पण दोन्ही बनतात एकाच साखरेच्या रेणूपासून, ग्लुकोजपासून. दोन्हींत ग्लुकोजच्याच कड्यांची साखळी आहे. फरक आहे तो फक्त एक कडी दुसरीला कोणत्या बाजूने जोडली आहे, एवढाच.

सेल्युलोजमध्ये प्रत्येक कडी आधीच्या कडीच्या उलट पालथी बसते. त्यामुळे एकीचा कल दुसरी फेडून टाकते आणि साखळी सरळ राहते. अशा सरळ साखळ्या शेजारी शेजारी बिलगून बळकट तंतू होतो. स्टार्चमधील ॲमिलोज या भागात मात्र प्रत्येक कडी एकाच बाजूस वळलेली असते. विहिरीच्या दगडांप्रमाणे तो कल साचत जातो आणि साखळी मळसूत्र होऊ शकते. एका वेढ्यात सुमारे 6 ग्लुकोज, आणि पीळ डावा.

हे मळसूत्र घरी पाहता येते. रावेर-यावलकडचे एक कच्चे केळे चिरा आणि त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. डाग काळानिळा होईल. ॲमिलोजच्या मळसूत्राच्या आतल्या पोकळीत आयोडीनचे अणू रांगेने जाऊन बसतात, त्याचा हा रंग. कापसाच्या बोळ्यावर तोच थेंब टाका. तसा निळा रंग येणार नाही, कारण सरळ साखळीत शिरावयास पोकळीच नाही. केळे पुरे पिकू द्या. मग निळेपणा नाहीसा झालेला दिसेल, कारण स्टार्च मोडून साखर झालेली असते.

कापसात पीळ मुळीच नाही, असे मात्र समजू नका. सरळ साखळ्यांची जुडी झाली की तिच्यात अतिशय मंद असा पीळ येतो, कारण ग्लुकोज स्वतः एकाच हाताचे आहे. आणि बोंड फुटून तंतू वाळतो, तेव्हा तो चपटा होऊन स्वतःभोवती वळतो, मध्येच दिशा बदलतो, पुन्हा वळतो. साध्या सूक्ष्मदर्शकात हे वळण स्पष्ट दिसते. या वळणांमुळेच कापसाचे तंतू एकमेकांना अडकतात आणि सूत कातणे सोपे जाते. चातीने पीळ देण्याआधी निसर्गाने थोडा पीळ देऊन ठेवलेला असतो.

ज्यांना हात नाही त्यांना हात कसा मिळतो?

सजीवांच्या घरी हाताचा प्रश्न आधीच सुटलेला आहे. आपल्या शरीरातील प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, ती जवळजवळ सारी डाव्या हाताची. आपल्या अंगातील साखरा उजव्या हाताच्या. विटा एकाच हाताच्या, म्हणून जिनाही एकाच हाताचा. मात्र डाव्या विटांचा जिना डावाच होईल, असा नियम नाही. डाव्या अमिनो आम्लांची साखळी ज्या मळसूत्रात वळते, ते अल्फा मळसूत्र उजवे असते; एका वेढ्यात 3.6 अमिनो आम्ले. 1951 साली लायनस पॉलिंग, रॉबर्ट कोरी आणि हर्मन ब्रॅन्सन यांनी त्याची रचना मांडली.

आणि दोऱ्याच्या उलट पिळाची जी गोष्ट मी ध्यानात ठेवावयास सांगितली होती, तीही येथे भेटते. आपली त्वचा, हाडे आणि स्नायुबंध यांना बळकटी देणारे कोलॅजेन हे प्रथिन तीन साखळ्यांचे असते, हे मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी 1954-55 च्या सुमारास दाखविले. त्यातील एकेक साखळी डाव्या पिळाची, आणि तिन्ही मिळून होणारा दोर उजव्या पिळाचा. दुहेरी दोऱ्यास उलटा पीळ देण्याची जी रीत कारागिराने अनुभवाने साधली, ती आपल्या हाडामासात आधीपासून आहे.

पण ज्या रेणूंना मुळात हातच नाही, ते जमल्यावर काय होते? डावा पीळ आणि उजवा पीळ त्यांना सारखेच. तेव्हा निम्मे दोर डावे, निम्मे उजवे होणार, आणि एकंदरीत हिशेब शून्य. परंतु तराजू एका बाजूस झुकविण्यास फार थोडे पुरते. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ दिलीप कोंडेपुडी आणि त्यांचे सहकारी यांनी 1990 साली एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. सोडियम क्लोरेट पाण्यात विरघळते तेव्हा त्याला हात नसतो. स्फटिक झाले की मात्र ते डावे किंवा उजवे होतात. द्रावण शांत ठेवले, तर दोन्ही प्रकार साधारण सारखे निघाले. द्रावण ढवळीत ठेवले, तर एका भांड्यातील जवळजवळ सारे स्फटिक एकाच हाताचे निघाले. कधी सारे डावे, कधी सारे उजवे. कारण पहिल्या स्फटिकाचे बारीक कण ढवळण्याने सुटतात आणि पुढच्या स्फटिकांचे बी होतात. पहिला ज्या हाताचा, त्या हाताची सारी प्रजा.

अमेरिकेतील मार्क ग्रीन यांनी 1989 साली लांब साखळ्यांच्या रेणूंवर असेच काम केले. हात नसलेल्या पुष्कळ कड्यांत हात असलेल्या थोड्याच कड्या घातल्या, तरी सारी साखळी त्या थोड्यांच्या बाजूस वळते. याला त्यांनी ‘हवालदार आणि शिपाई’ असे नाव दिले. पुढे 1995 साली असेही दिसले, की डाव्या आणि उजव्या कड्या मिसळल्या आणि एका बाजूचे आधिक्य थोडेसेच असले, तरी पीळ बहुतांशी त्या बाजूचा होतो. याचे नाव ‘बहुमताचा नियम’. एका कडीचा कल नगण्य असतो. पण शेजारणीच्या विरुद्ध वळणे प्रत्येकीस थोडे महाग पडते, म्हणून छोटा कल साऱ्या साखळीचा होतो.

येथवर आपण पाहिले ते असे, की रचनेसाठी बाहेरचा हुकूम लागत नाही. एका घटकातील लहानसा फरक पुनरावृत्तीने मोठा होतो. हाच नियम आता आपण माणसाच्या रक्तात पाहू.

सातपुड्यातील दोर

शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या उत्तरेस सातपुडा आहे. पश्चिमेस अक्कलकुवा आणि धडगाव, जे 1 जुलै 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात होते आणि आता नंदुरबार जिल्ह्यात आहेत. या पट्ट्यातील भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आढळतो. तो महाराष्ट्रात विदर्भातही आहे आणि केवळ आदिवासींपुरताच मर्यादित नाही. सिकल म्हणजे विळा. तांबड्या रक्तपेशी गोल असावयाच्या, त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, असा याचा अर्थ.

तांबड्या पेशीत हीमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. एका पेशीत त्याचे सुमारे 27 कोटी रेणू. फुप्फुसात प्राणवायू घ्यावयाचा आणि शरीरात पोचवावयाचा, हे त्यांचे काम. एका रेणूत चार साखळ्या, दोन अल्फा व दोन बीटा, मिळून 574 अमिनो आम्ले. 1949 साली पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की या रोग्यांचे हीमोग्लोबिनच निराळे आहे. रेणूतील दोषामुळे होणारा रोग म्हणून ओळखला गेलेला हा पहिलाच. पुढे 1956-57 साली केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दोष नेमका शोधला. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असावयाचे, तेथे व्हॅलिन आलेले असते. 574 पैकी दोन जागा बदललेल्या, एवढेच.

पण ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारे आणि व्हॅलिन तेलकट. रेणूच्या अंगावर एक तेलकट उंचवटा आला, असे समजा. रेणूने प्राणवायू सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो आणि दुसऱ्या बाजूस एक तेलकट खळगा उघडा पडतो. एकाचा उंचवटा शेजाऱ्याच्या खळग्यात बसतो, त्याचा पुढच्याच्या. वरणातील तेलाची आणि विहिरीच्या दगडांची गोष्ट येथे एकत्र येते. रेणूंच्या माळा होतात, माळांच्या जोड्या होतात, आणि 14 माळा एकमेकींभोवती वळून एक पिळाचा दोर होतो. त्याची जाडी सुमारे 21 नॅनोमीटर. एका मिलिमीटरात 10 लाख नॅनोमीटर असतात, यावरून कल्पना करावी. असे दोर वाढत वाढत पेशीला आतून ताणतात, आणि पेशी विळ्यासारखी होते. ती बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढच्या भागास रक्त मिळत नाही. हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. अशी पेशी 10 ते 20 दिवसांत मोडते. म्हणून रोगी कायम पांढुरका आणि थकलेला.

असा घातक दोष टिकला तरी कसा? ज्याला हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच मिळाला, त्याचे निम्म्याहून अधिक हीमोग्लोबिन चांगले असते. तो वाहक असतो, रोगी नव्हे. 1954 साली ॲन्थनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले, की अशा वाहकास हिवतापापासून संरक्षण मिळते. हिवतापाच्या जंगलात वाहक अधिक जगले, आणि दोष पिढ्यानुपिढ्या चालत आला. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलास रोग होण्याची शक्यता चारात एक असते.

उशीर हेच जीवदान

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अमेरिकेतील विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांनी 1974 च्या सुमारास हे दोर किती वेळात तयार होतात हे मोजले. पहिला आरंभ अवघड असतो. काही रेणू जमतात, सुटतात, पुन्हा जमतात; बाहेरून काहीच घडत नाही असे दिसते. एकदा पुरेसे एकत्र टिकले की मग दोर भराभर वाढतात आणि द्रावण एकदम घट्ट होते. या आरंभीच्या उशिरावर रोग्याचे प्राण अवलंबून असतात. पेशी बारीक वाहिनीतून निघून फुप्फुसाकडे परतेपर्यंत उशीर टिकला, तर नवा प्राणवायू मिळतो, खळगा झाकला जातो आणि दोर वळलाच जात नाही.

हा उशीर हीमोग्लोबिनच्या दाटपणावर विलक्षण अवलंबून असतो, सुमारे 30 व्या घाताने. याचा हिशेब सोपा करून सांगतो. पेशीतील दाटपणा शेकडा 5 ने वाढला, तर उशीर सुमारे चौथ्या हिश्शावर येतो; शेकडा 10 ने वाढला, तर सतराव्या हिश्शावर. आणि दाटपणा वाढतो कशाने? पेशीतील पाणी कमी झाल्याने. उन्हात घाम गाळून पाणी न पिणे, जुलाब, ताप, ही सारी कारणे तेथेच नेतात. कडाक्याच्या थंडीत वाहिन्या आकसतात आणि पेशी वाटेत रेंगाळते, परिणाम तोच.

आता पावसाळ्यानंतर गुजरातेत बारडोलीच्या बाजूस ऊस तोडावयास जाणारी आपल्याकडची जोडपी डोळ्यांसमोर आणा. दोन माणसे मिळून हिशेबात एक ‘कोयता’. उचल आधीच घेतलेली. पहाटेच्या थंडीत, पालावर अंथरूण-पांघरूण अपुरे, दिवसभर तोडणी आणि मोळ्या वाहणे, पाणी दूर. यांपैकी एखाद्याच्या रक्तात हा दोष असेल, तर दोर वळण्यास लागणारी प्रत्येक गोष्ट तेथे हजर असते. तो कळांनी विव्हळत पडला की त्याच्या नावावर खाडा लागतो, आणि वर कामचोर हे विशेषण मिळते. मी असे शब्द मुकादमांच्या तोंडून किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही. बाहेरून हात शाबूत, पाय शाबूत. आत काय वळले जात आहे ते दिसत नाही. म्हणूनच मला वाटते की हे शास्त्र प्रयोगशाळेत राहू नये. पाण्याचा हंडा फडाच्या कडेला असावा, दर तासाला पाणी प्यावयास सवड असावी, रात्री एक कांबळे जास्त मिळावे, या मागण्या दयेपोटी केलेल्या नाहीत. त्यांच्या मागे 30 व्या घाताचे गणित उभे आहे.

पाण्याने रोग बरा होतो, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. ताप, छातीत कळ, दम लागणे, अंगाचा एखादा भाग लुळा पडणे, यांपैकी काही झाले की तडक रुग्णालय गाठलेच पाहिजे. औषधांत हायड्रॉक्सीयुरिया हे एक आहे. गर्भात असताना आपल्या अंगी निराळ्या प्रकारचे हीमोग्लोबिन असते, ते या औषधाने पुन्हा वाढते. ते दोरात नीट बसत नाही, म्हणून दोर लांबू शकत नाही आणि उशीर वाढतो. संघात शिरून संघ फोडणाऱ्याला आम्ही काय म्हणतो ते आपणांस ठाऊक आहे. पण रक्ताच्या या एका बाबतीत फितुराचे मी मनापासून स्वागत करतो.

शासनाचे काही पाऊल पडले आहे. 1 जुलै 2023 रोजी केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हा तिचा संकल्प आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश झालेला आहे, हेही पुष्कळांना माहीत नसते. पण तपासणीचा कागद हातात आला की गावात काय होते? वाहक मुलीची सोयरीक मोडते, मुलाकडे बोट दाखविले जाते. हे अज्ञान आहे. वाहक रोगी नव्हे. दोन वाहकांचे लग्न ठरत असेल तर त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन समजून उमजून निर्णय घ्यावा, एवढाच त्या कागदाचा अर्थ. 574 पैकी दोन जागांतील फरकाने माणसाची किंमत कमी होत नाही.

आपण शहरात राहणारे लोक. सातपुडा आपल्याला गच्चीवरून निळा दिसतो, आणि तेथील माणसे आपल्या बांधकामावर, केळीच्या बागेत, बाजारसमितीत रोज भेटतात. आपल्याकडे कामाला आलेला कोणी थकून सावलीला बसला, तर त्याला हाक मारण्यापूर्वी पाणी द्यावे, आणि त्याची रक्ततपासणी झाली आहे काय हे आपुलकीने विचारावे. झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात त्याला स्वतः घेऊन जावे. तेवढ्या अर्ध्या दिवसाचा रोज कापू नये.